तिसऱ्या उंचवट्यावरचा झेंडा

"झेंडा हातात धरायचा. जमिनीत रोवायचा नाही. बुटात खडा गेला तरी नाही."

हे मावशींचे शब्द. मावशी आता नाहीत, पण हे शब्द माझ्या शिवणीत राहिले आहेत.

मी एक जुना पिवळा झेंडा आहे. मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलींच्या शर्यती होतात ना, मित्रांनो, तिथला. मावशींनी मला आपल्या फाटक्या रेनकोटातून कापलं, कडांना दुहेरी शिवण घातली आणि झाडूच्या दांड्यावर चढवलं.

तिसरा उंचवटा घराएवढा उंच. चढणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. दिसतं ते गाडी हवेत उडाल्यावर, आणि तेव्हा ब्रेकचा काही उपयोग नसतो. म्हणून मावशी माथ्याच्या कडेला मला घेऊन उभ्या राहत. मी हललो, की पलीकडे कोणीतरी पडलंय, थांबा. मी स्वस्थ असलो, की वाट मोकळी.

पोरं चिडवत, "मावशी, माशी पडली तरी झेंडा हलवता तुम्ही."

"हलवते बाबा. माशीलाही आई असते."

बावीस वर्षं हा नेम चालला. मग गुडघे थकले, तेव्हा त्यांनी मला भाच्याच्या हाती दिलं. तो ट्रॅकवरच गाड्या दुरुस्त करायचा.

"रोवणार नाही म्हण."

"नाही रोवणार, मावशी," तो हसत म्हणाला. त्याच वर्षी मावशी गेल्या.

एका दुपारी सराव चालू असताना खाली कोणाची तरी गाडी सुरू होईना. "पाच मिनिटांत आलो," असं मलाच सांगून भाच्याने मला माथ्यावर रोवलं आणि तो खाली गेला.

तेवढ्यात चिमणी आली. अंगाने हलकी म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. पलीकडे उतरताना तिची गाडी घसरली आणि पाय गाडीखाली अडकला. तिने वर माझ्याकडे पाहिलं. मागून दुसऱ्या गाडीचा आवाज चढावर आला. वाऱ्याची झुळूकही नव्हती. मी स्वस्थ उभा होतो.

मित्रांनो, त्या दिवशी मी खोटं बोललो.

चिमणी वाचली. पाय वाचला नाही.

ट्रॅकच्या मालकांनी मला बिनखिडकीच्या कोठारात टाकलं आणि उंचवट्यावर पाटी लावली, 'जपून चालवा'. काही दिवसांनी त्या बंद खोलीत मी अचानक फडफडलो. दांड्यावर, मावशींची मूठ असायची तिथे, ऊब आली. त्याच क्षणी बाहेर आरडाओरडा झाला. तिसऱ्यावर कोणीतरी पडलं होतं.

असं चारदा झालं. "उंदीर असतील," मालक म्हणाले, पण कोठारात एकटे यायचे थांबले. भाचा दाराबाहेर उभा राहून ऐकायचा. कडीला हात लावायचा नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी चिमणी कुबडी टेकत त्याच्याकडे आली.

"आजही वर कोणी नाही?"

"पाटी आहे."

"पाटीला पलीकडचं दिसतं का रे?"

भाचा म्हणाला, "मी नको गं. माझ्याच हातून झालंय ते."

"म्हणूनच तू. तुझी नजर आता जन्मात ढळायची नाही."

आत मी फडफडू लागलो. दोघांनीही ऐकलं.

"अजून तर एकही गाडी सुटली नाही," भाचा हळूच म्हणाला. चिमणीने कुबडीनेच कडी सरकवली.

मित्रांनो, एवढंच मागतो. कोणाच्या जिवासाठी दिलेला शब्द कापडावर किंवा पाटीवर सोपवून निघून जाऊ नका. कापड स्वतः हलत नाही. त्याला हात लागतो.

भाचा मला घेऊन चढ चढू लागला. अर्ध्या वाटेवर त्याच्या बुटात खडा गेला. तो थांबला. पायाखालच्या भुसभुशीत मातीकडे त्याने क्षणभर पाहिलं. मग मला काखेत घट्ट धरलं, एका पायावर डुगडुगत खडा काढला आणि पुन्हा दांडा मुठीत घेतला.

त्याच्या मुठीखाली आणखी एक मूठ होती. त्यालाही ती जाणवली असावी. तो माथ्याकडे चालू लागला.