नानांचं पोट

रतिलाल नानांचं पोट हा त्या घरातला सर्वांत मोठा विषय होता आणि त्यांच्या सुनेला, रोहिणीला, त्याची मनस्वी किळस होती.

सकाळी ओट्यावर चार माणसं जमली की नाना सदऱ्याची खालची बटणं सोडत, पोट उघडं टाकत आणि त्यावर थापट्या मारत रात्रभर आत काय काय घडलं ते सांगत. वायू कुठे अडला, कुठून सुटला, सगळं सविस्तर. मध्येच ढेकर आला तर बोलणं थांबवून तो पुरा देत. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातून रिटायर झाल्यापासून केळीचा मळा मुलाकडे आणि पोट नानांकडे, अशी वाटणीच झाली होती. चहा घेऊन आलेल्या रोहिणीला तिथे उभं राहून हे ऐकावं लागे. तिला वाटे, सगळा ट्रे त्या पोटावर उपडा करावा.

दुखणं मात्र खरं होतं. छातीच्या खाली मधोमध आग पडायची, उपाशीपोटी जास्त. नवरा, हेमकांत, टाळत राहिला म्हणून शेवटी रोहिणीच त्यांना शहाद्याला डॉक्टर हेमांगीताईंकडे घेऊन गेली. त्या आयुर्वेदाच्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, तंबाखू बंद केली, उपाशीपोटीचा चहा बंद केला, मिरची कमी करायला सांगितलं, ज्येष्ठमधाचं चूर्ण दिलं. "पण एकदा दुर्बिणीनं आतून तपासून घ्या," असंही बजावलं.

"औसद दिधं का उपदेस?" नाना बाहेर येऊन म्हणाले. मिरची सोडायची म्हणजे नानांच्या मते जगायचंच कशाला!

मग त्यांना म्हसावदच्या बाजारात भिकनबुवा सापडला. त्याची करडी पूड कपभर पाण्यातून घेतली की कप विसळून होण्याच्या आतच कळ थांबायची. 'जडीबुटी' म्हणायचा, कुठली ते सांगायचा नाही. हेमकांतनं भला मोठा डबाच आणून ठेवला. पथ्य नाही, तपासणी नाही, मिरची चालू. काही दिवसांनी नानांना शौचाला काळं होऊ लागलं, तेव्हा तर ते ओट्यावर फुशारूनच बसले.

"जूनी घान निंघी ऱ्हायनी भो! डांबरसारखी काळी! बुवानी आधीच सांगेल व्हतं."

"बुवाना हातले गुन शे," ओट्यावरचा एकजण म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. एखाद्याला नातू झाल्यावर करावं तसं कौतुक चाललं होतं. रोहिणीनं दार लोटून घेतलं.

एका दुपारी संडासात धप्प आवाज झाला. नाना भिंतीला टेकून घसरले होते, अंगाला दरदरून घाम, ओठ पांढरे. हेमकांत आणि सासूबाई बेबीबाई, दोघांनी त्यांना उचलून खाटेवर आणलं. लगेच हेमकांत नाकाला रुमाल लावून अंगणात गेला. आपल्या बापाची घाण त्याला बघवत नव्हती. ती बघायला बायको होतीच.

रोहिणी बादली घेऊन आत गेली आणि थबकली. पाणी ओतलं तरी ते काळं चिकट हलेना. वासही नेहमीचा नव्हता. कुजलेल्या रक्ताचा होता. रक्ताचा वास कुठल्या बाईला ओळखू येत नाही? तिनं तिथूनच हेमांगीताईंना फोन लावला.

"लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? त्यांनीही काळं होतं," त्यांनी विचारलं. नव्हत्या. पुडीचं ऐकताच त्यांचा आवाज चढला. "आतून रक्त जातंय. तोंडाने काही देऊ नकोस, पाणीसुद्धा नाही. गाडी काढा आणि सरळ नंदुरबार गाठा. ती पूड बरोबर घे. मी येतेच मागून."

"थांब ना जरा," हेमकांत म्हणाला. "जूनी घान निंघस तव्हय अशक्तपना येस, बुवानी सांगेल शे."

"रगत शे ते!" रोहिणी किंचाळली. "तुमना बाप मरी ऱ्हायना नि तुम्ही बुवा सांगतस! गाडी काढा!"

नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त चढवलं आणि दुर्बीण आत घातली. जठरातली जखम वाहत होती. ती त्यांनी आतूनच बंद केली. "आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं," असं ते म्हणाले. पुडीत दुखण्याच्या गोळ्या कुटून घातल्या असाव्यात, असा त्यांना संशय होता. त्या कळ दाबतात आणि आत जठर सोलून काढतात. हेमांगीताईंनी डबा उघडून पाहिला आणि रागानं आपटून बंद केला. "इतक्या झटक्यात कळ थांबवणारं चूर्ण आमच्याकडे नसतं. आता आधी या डॉक्टरांच्या गोळ्या. जखम भरली की पथ्याचं मी बघते."

"घरात आणखी कोणी घेतं का ही पूड?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," हेमकांत ताबडतोब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नानांना जरा हुशारी आली आणि निम्मं गाव भेटायला लोटलं. "पोटमा कॅमेरा टाका भो! मन्हं पोट टीव्हीवर दखायनं!" नाना सांगत होते. लोक खाटेभोवती दाटीनं उभे राहून ऐकत होते. नाना वाचले याचा रोहिणीला आनंद होता, तरी त्या घोळक्याकडे बघून तिला पुन्हा तीच जुनी शिसारी आली. ती बाहेर व्हरांड्यात गेली.

मागून बेबीबाई आल्या. त्यांनी तिचा हात धरला आणि तिला बायकांच्या संडासाकडे नेलं. त्यांनी पाणी टाकलं नव्हतं.

"एकदाव देख वं," त्या पदराआडून म्हणाल्या. "मन्हं बी तसंच व्हई ऱ्हायनं."

तेच काळं, तोच वास. रोहिणीनं नाकाला पदर लावला नाही.

"तुम्ही बी पुडी खातस?"

"मन्हं बी पोट दुखस ना. त्यास्ना डबामाईन चिमूटभर मी बी लेस."

"मंग सांगं काबर नही, आई?"

"बाईमानूसनी असं बोलानं ऱ्हास का?" बेबीबाई म्हणाल्या आणि भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. रोहिणीनं त्यांच्या कमरेत हात घातला आणि त्यांना जवळजवळ उचलूनच वॉर्डात आणलं. नानांची गोष्ट रंगात आली होती, दारात गर्दी होती, कोणी वाट देईना.

"बाजूले व्हा!" ती ओरडली. "मन्ही सासूले शौचाले काळं व्हई ऱ्हायनं! पोटमाईन रगत जाई ऱ्हायनं! डॉक्टरले बलावा!"

खाटेभोवतीच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. हेमकांत लाजेनं खाली बघू लागला. बेबीबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला, आणि रोहिणी तेच शब्द पुन्हा, आणखी मोठ्यांदा ओरडली.