मागची सीट

जयवंत खैरनार गाडीला एखादा नवा भाग बसवायचा, तेव्हा गाडी एक वीत लांब व्हायची. पुढून नाही, मागून नाही. त्याची सीट आणि बायकोची सीट यांच्या बरोबर मधून. नटाला शेवटचा पीळ दिला की रेक्झिनखालून पापड भाजल्यासारखा बारीक आवाज यायचा आणि वीतभर नवी सीट तयार. शिवण तीच, रंग तोच, वर बसलं तर जागाही थोडी गरम लागायची.

पहिली वीत वाढली ती बॅकरेस्टमुळे. तो त्याने विजयमालासाठीच बसवला होता. दोन वर्षांपूर्वी दोघं माळशेजहून डबलसीट येताना तिची पाठ अशी धरली, की पुढचे पंधरा दिवस ती भिंतीला टेकून जेवली. त्यानंतर ती गाडीवर बसली नव्हती. गाडी म्हणजे काही बाजारात जायची साधी फटफटी नव्हती. उंच, लांब पायांची, दगडधोंड्यांतून जाणारी ॲडव्हेंचर बाईक. पाणी ओढ्याचं असो की टँकरचं, तिला सारखंच. जयवंत तिला कधी गॅरेजला नेत नसे. तेल बदलणं, चेन ताणणं, वायरी ओढणं, सगळं घरीच. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं सासरे म्हणाले होते, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं.

पण जयवंतचं खरं दुखणं गाडीचं नव्हतं, खांद्याचं होतं. बावीस वर्षं तो गाडी सुरू करून मागे न बघता विचारायचा, "बसलीस?" आणि ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "बसलो." विजयमाला कोल्हापूरची. तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. आलो, जेवलो, बसलो. नाशिकच्या जयवंतने लग्नाच्या पहिल्या वर्षी या 'बसलो'ची पुष्कळ टिंगल केली. बाविसाव्या वर्षी अशी गत झाली, की तो शब्द ऐकल्याशिवाय त्याच्या हातून क्लच नीट सुटत नसे. एकटा निघाला की फाटकातच गाडी दोनदा बंद पडायची. तिची त्याला फार आठवण यायची, आणि ती तर घरातच असायची.

दिवाळी झाल्यावर ती म्हणाली, "येत्या रविवारी सकाळी आठला निघू या. भंडारदऱ्यापर्यंत. पाठ दुखली न्हाई तर जन्मभर तुमच्या मागं बसतो. दुखली, न्हाईतर आठला निघालासाच न्हाई, तर परत मला 'बस' म्हणायचं न्हाई."

"कधीच नाही?"

"कधीच न्हाई."

जयवंतने आठवड्याची रजा टाकली.

सोमवारी त्याने मागच्या सीटला नवा फोम भरला, फूटरेस्ट दोन बोटं खाली घेतले, सस्पेन्शन मऊ केलं. तीन विती. तो अंबडच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासायचा, त्यामुळे टेप लावल्याशिवाय त्याला काही खरं वाटत नसे. टेप लावला. खरं होतं. त्याला भीती वाटली नाही, कुतूहल वाटलं. हे पुढे आणखी वाढेल का, एवढंच बघायला म्हणून त्याने फॉग लाइट बसवले, मग सामानाची पेटी, मग हाताला लागेल ते. वाढलं.

गाडी पोर्चमध्ये फाटकाकडे तोंड करून उभी असायची. मागे हॉल, हॉलमागे स्वयंपाकघर, त्यामागे परसदार, सगळं एका रेषेत. मंगळवारी मागचं चाक हॉलचा उंबरा ओलांडून आत गेलं. बुधवारी ते स्वयंपाकघरात ओट्याला लागून उभं राहिलं. विजयमालाने मागच्या सीटवर बसूनच भाजी निवडली.

"अहो, फोम चांगला झालाय," ती तिथून म्हणाली. "पाठीला काई न्हाई. पण तुमचा खांदा कुठाय?"

"पोर्चमध्ये."

"मग मी हात कुठं ठेवू?"

जयवंतने चेनला तेल द्यायला घेतलं. पोर्चमध्ये सुरुवात केली ती जेवायच्या वेळी स्वयंपाकघरात पोचला. चेनही लांबली होती. जादा कड्या कुठून आल्या कोण जाणे, पण दोन बोटांनी दाबून पाहिली तर ढील अगदी पुस्तकात दिली आहे तेवढीच. याचं त्याला बरं वाटलं. मग तो पुढे जाऊन बसला, गाडी सुरू केली आणि म्हणाला, "बसलीस?"

फोडणीचा वास आधी आला. मग सोफ्यावरून, टीव्हीसमोरून तो शब्द आला. "बसलो." मध्ये एक अख्खा श्वास घेऊन झाला होता.

आता शहाण्या माणसाने केलं असतं तेच जयवंतने केलं. त्याने बॅकरेस्ट काढला. वाढवलेलं काढलं तर लांबलेलं आखडेल, हा साधा हिशेब. शेवटचा बोल्ट हातात आला, पापड भाजला, आणि गाडी एक हातभर वाढली. सामानाची पेटी काढली, आणखी एक हात. बसवलं तरी वाढत होतं, काढलं तरी वाढत होतं, आणि पूर्वी वितीने वाढायची ती आता हाताने वाढत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागचं चाक परसदारातून बाहेर पडलं.

"हात लावू नका म्हंजे झालं," विजयमाला म्हणाली. ती मोरीच्या कठड्याशेजारी सीटवर बसून चहा पीत होती. "हाय तेवढी लांब हाय. जाऊ अशीच."

"वळणार कशी?"

"वळंल की. एस्टी वळती."

तिचं खरं होतं. जयवंतने हात धुतले आणि गुरुवारी दिवसभर पेपर वाचायचं ठरवलं. अकरा वाजता त्याला दिसलं, की क्रॅश गार्डचा एक नट ढिला आहे. तो वाऱ्याने किंचित हलत होता आणि टिकटिक वाजत होता. जयवंतने पेपर उलटा धरला. हातांवर बसून पाहिलं. परसातून विजयमाला ओरडली, "असू दे ढिला!" तिला तिथून नट दिसणं शक्य नव्हतं, ती नवऱ्याला ओळखून होती. चार वाजता त्याने तेरा नंबरचा पाना घेतला आणि नट आवळला. या खेपेला गाडी कासराभर, बैलाच्या दोराएवढी वाढली. परसाची भिंत मध्ये आली नाही. भिंतीत गाडीएवढी फट होती. ती आधीपासूनच असावी, कारण तिच्या कडांना शेवाळ होतं.

शुक्रवारी सकाळी मागच्या बंगल्यातले पिंगळे आले. पिंगळे भूमी अभिलेखमधून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. हातात साखळी आणि बगलेत वही.

"खैरनार, तुमची गाडी माझ्या हद्दीत आली आहे."

"किती?"

"तीन मीटर वीस."

"आणि ही? हिची पाठ?"

"वहिनी लिंबाखाली बसल्यात. बऱ्या आहेत. आमच्या हिने सीटवर गाद्या वाळत घातल्या, चालेल ना?"

जयवंत म्हणाला चालेल. पिंगळ्यांनी हरकत घेतली नाही, फक्त वहीत नोंद केली. इतकी सरळ हद्द आपण नोकरीत कधी पाहिली नाही, असंही म्हणाले.

त्यानंतर मात्र जयवंतला हात आवरेनात. आखडायचा काहीतरी उपाय असणारच, या हट्टाने त्याने एअर फिल्टर उघडला, टाकी उतरवली, क्लच केबल सोडून पुन्हा जोडली. गाडी कासरा कासरा वाढत गेली. विजयमाला स्वयंपाकाला पायी यायची आणि पायी परत जायची. शनिवारी दुपारी तिचा फोन आला.

"आता जाऊन येऊन दमायला होतंय. मी आता हितंच बसतो. पिंगळेबाईंनी डबा दिलाय."

"कुठे आहेस?"

"शाळेच्या मैदानात. पोरं खालनं वाकून जाल्यात. अहो, एक सांगू? मी मागं मागं चाललोय, त्यामुळं प्रत्येक गोष्ट गेल्यावर दिसती. मज्जा वाटती जरा."

फोन ठेवून जयवंत हॉलमध्ये सीटवर बसला. हॉलमध्ये सीट होती, स्वयंपाकघरात सीट होती, घरभर सीटच सीट होती आणि बायको नव्हती. जिच्या पाठीसाठी हे सगळं केलं तिला आपण एकेक नट पिळून घराबाहेर घालवलं, हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं. त्याचे डोळे भरून आले. त्याने ते ग्रीसच्या फडक्यानेच पुसले आणि मग आणखी झोंबले.

पिंगळे परसदारातून आत आले. त्यांनी वही सीटवरच पसरली.

"एक गंमत आहे," ते म्हणाले. "साखळीने मोजली तर तुमची गाडी नाकासमोर सरळ आहे. तीन वेळा मोजली. पण नकाशावर उतरवली तर ती शाळेनंतर वळते."

"कुठे वळते?"

"पिठाच्या गिरणीकडे. तिथून आपला कोपरा, कोपऱ्यावरून आपला रस्ता." त्यांनी पेन्सिल फिरवत आणली आणि थांबवली. "आणि रस्त्यावरून हे तुमचं फाटक. अजून वाढली, तर."

जयवंतने ती रेघ बोटाने फाटकापर्यंत नेली. मग उठला आणि पान्यांचा सगळा डबा पोर्चमध्ये उपडा केला.

बुधवारनंतर पहिल्यांदाच त्याला गाडीचं काम करताना धास्ती नव्हती. त्याने हँडगार्ड काढले, बसवले, काढले. मोबाइलचा होल्डर डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे नेला. स्पार्क प्लग साफ केला, मग चांगला साफ झालेला पुन्हा साफ केला. दर खेपेला पापड भाजल्याचा आवाज हॉलमधून, स्वयंपाकघरातून, लिंबाखालून दूर दूर जायचा, आणि जरा वेळाने फोन वाजायचा.

"शाळा गेली," विजयमाला म्हणायची. तासाभराने, "गिरणी आली वाटतं, ज्वारीच्या पिठाचा वास येतोय." पुन्हा, "गिरणी गेली, दिसाली आता. अहो, किती आवळतासा?"

"पाठ?"

"मस्त हाय."

"भीती वाटते का?"

"कशाची? बसूनच तर हाय."

रविवारी सकाळी सातला तिच्या फोनची बॅटरी संपली.

पावणेआठला जयवंतने हातपाय धुतले, जाकीट घातलं, फाटक सताड उघडलं. पुढच्या सीटवर बसला. गाडी एका बटणात सुरू झाली. एवढ्या उघडझाकीनंतरही इंजिनाचा आवाज घड्याळासारखा. डाव्या हाताने क्लच दाबून त्याने पहिला गिअर टाकला.

"बसलीस?" तो नेहमीसारखा मागे न बघता म्हणाला.

प्रश्न हॉलमध्ये गेला. स्वयंपाकघरातून गेला. परसदाराची कडी हलकीशी वाजली. त्यापुढे जयवंतला काही ऐकू आलं नाही. तो क्लच दाबून थांबला. आठला पाच कमी, आठला तीन. डाव्या हाताच्या बोटांना रग लागली. उत्तर आल्याशिवाय क्लच सुटणार नव्हता आणि आठ वाजले की ती पुन्हा कधीच बसणार नव्हती.

आठला दोन मिनिटं असताना फाटकासमोर, डावीकडून, एक लाल दिवा सरकत आला. सकाळी आवळलेल्या शेवटच्या नटाची वाढ एवढ्या लांबून आता पोचत होती. दिव्याखाली नंबरप्लेट होती. नंबर त्याने वाचला, त्याचाच होता. मागच्या चाकाने वळण घेतलं, फाटकातून पोर्चमध्ये शिरलं आणि त्याच्या पुढच्या चाकापाशी येऊन थांबलं. वर मागची सीट होती. बॅकरेस्ट त्याने बुधवारीच काढला होता, पेटीही काढली होती, त्यामुळे मध्ये आड येणारं काही उरलं नव्हतं. सीटवर विजयमाला त्याच्याकडे पाठ करून बसली होती. पाठ ताठ होती. निळ्या ओढणीवर थोडं पीठ होतं. तिच्यापुढे लांबच लांब रिकामी सीट फाटकातून रस्त्यावर, कोपऱ्याकडे गेली होती.

जयवंत पुढे झुकला. उजवा हात हँडलवरून लांबवला. तिचा खांदा एक वीत लांब राहिला.

फक्त एक वीत. पण आता गाडी कासऱ्याने वाढत होती, आणि कासराभर वाढली तर ती त्याच्या पुढच्या चाकावरून, त्याच्यावरून, थेट घरात. उजव्या आरशाचा नट त्याच्या बोटाशी होता. पाना खिशात होता. त्याने पाना काढला, नटाला लावला आणि केसभर फिरवला. नुसता धरला म्हणावं इतपत.

आवाज त्याच्या पाठीमागून निघाला. हॉल, ओटा, परस, लिंब. मग कितीतरी वेळ काही नाही. विजयमालाच्या ओढणीवरचं पीठ खाली पडलं आणि ती, सीटसकट, एक वीत मागे आली. तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. बावीस वर्षांत तो वास असा समोरून कधीच आला नव्हता.

घरातल्या घड्याळात आठचे ठोके सुरू झाले.

"बसलासा?" विजयमालाने मागे न बघता विचारलं.

जयवंतने उजवा हात पुन्हा ॲक्सिलरेटरवर नेला. हलवता येण्यासारखा हात एकच उरला होता, डावा, आणि तो क्लचवर होता.

"बसलो," तो म्हणाला, आणि क्लच सोडून तो हात तिच्या खांद्यावर ठेवला.