कोंडाजीबाबाचं वारं

कापडे गावात शहाण्यांचा तोटा कधीच नव्हता. म्हणून तर कोंडाजी म्हाताऱ्याची बुद्धी गेली हे एकट्या ठमाबाईला कळलं आणि बाकी अख्ख्या गावाला त्याच्यात देव दिसला.

ठमाबाई त्याची सून. नवरा हैबती मुंबईला गिरणीत, पदरी मूल नाही, सासू कधीच गेलेली. घरात ही आणि म्हातारा. आधी तो गोठ्याची वाट विसरला, मग धोतर नेसायचं विसरला, मग हिलाच विसरला. जेवून हात धुतला की पुन्हा ताटावर येऊन बसायचा. भलत्या वेळी उठून कधीच्या मेलेल्या बैलाला हाका मारत शेताकडे चालू लागायचा आणि ही हातातलं टाकून मागे धावायची. डोळ्याला डोळा म्हणून लागत नव्हता बाईचा.

गेल्या उन्हाळ्यात सहदेवाची म्हैस हरवली. तो शोधत दारावरून चालला होता, तेव्हा म्हातारा ओटीवर ओरडत होता, "वढ्याकडं गेला रे, वढ्याकडं!" तो बोलत होता आपल्या बैलाबद्दल. म्हैस ओढ्याला सापडली. अहो, उन्हाळ्यातली म्हैस ओढ्यावर नाही सापडणार तर काय माळ्यावर? पण मुरारी गुरवानं लगेच हात जोडले. "वारं हाय हे! अंगात देव भरलाय कोंडाजीबाबाच्या."

झालं! दर सोमवारी ओटीवर माणसं बसू लागली. नारळ काय, उदबत्त्या काय, गाऱ्हाणी काय. म्हाताऱ्यानं काहीतरी बरळावं आणि मुरारीनं त्याचा अर्थ लावावा. ठमाबाईनं ओटी सारवायची, सगळ्यांना गुळाचा चहा द्यायचा आणि माणसं पांगली की देवानं भिजवलेलं धोतर ओढ्यावर नेऊन धुवायचं.

"अवो, त्यांना माणूस वळखत नाय," तिनं एकदा सहदेवाच्या आईला, ठकूबाईला सांगून बघितलं.

"देवाला वळख कशाला लागते गो? घरात देव नांदतोय. भाग्याची हायस."

भाग्याची! आग लागो त्या भाग्याला, असं ठमाबाईच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि चहाची भांडी उचलली.

मग एका बाजाराच्या दिवशी तिनं म्हाताऱ्याला गाडीत घालून पोलादपूरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, म्हाताऱ्याशी थोडं बोलून बघितलं, आणि म्हणाले, "बाई, हा म्हातारपणाचा आजार आहे. याला औषध नाही. पण तुम्ही स्वतः किती वाळलात! घरात मदतीला कुणीतरी आणा. हे एकट्या माणसाचं काम नव्हे."

परतीच्या वाटेवर ती गाडीत मनसोक्त रडली. आजार आहे, असं कुणीतरी म्हणालं होतं. आणि मदतीला माणूस होतं की! हैबतीची विधवा बहीण तुळजाबाई महाडला दिराच्या घरी पडून होती. पण तिला आणायचं तर भावानंच बोलवायला हवं, भावजयीच्या शब्दाला कोण विचारतो? ठमाबाई शिमग्याची वाट बघत बसली. शिमग्याला हैबती येईल, बापाला डोळ्यांनी बघेल, मग सांगायची गरजच पडणार नाही.

हैबती आला. ग्रामदेवतेची पालखी घरी यायची त्या दिवशी तो बापाच्या शेजारीच जेवायला बसला. म्हाताऱ्यानं भात खाल्ला, पुन्हा मागून खाल्ला. हैबतीच्या हातावर पाणी घालता घालता ठमाबाईनं तुळजाबाईचा विषय काढला, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं.

"पालखी जाऊ दे, मग बगू," हैबती म्हणाला. नाही तर म्हणाला नाही ना! तिला तेवढ्यानंही हायसं वाटलं.

ढोल वाजवत पालखी अंगणात आली. गाव जमला. गावचा मानकरी भागोजी गावकर यानं म्हाताऱ्यापुढे नारळ ठेवून विचारलं, "बाबा, घरात काय उणं हाय काय?"

म्हाताऱ्यानं इकडे तिकडे बघितलं आणि ठमाबाईवर बोट रोखलं. "ही कोण बाय शिरलीय माज्या घरात? मला जेवाय देत नाय. सकाळधरनं उपाशी हाय मी."

ढोल थांबले. म्हाताऱ्याच्या हनुवटीवर भाताचं शीत अजून चिकटलेलं होतं. ठमाबाईनं हैबतीकडे बघितलं. बोल, आता तरी बोल. मांडीला मांडी लावून जेवलास ना तू त्यांच्याबरोबर!

हैबतीनं मान खाली घातली. मुंबईत त्याला कुत्रं विचारत नव्हतं, आणि इथे तो देवाचा लेक होता. तो कशाला बोलेल?

"देव खोटं बोलत नाय," भागोजी म्हणाला. "सुनंनं पदर पसरून चूक कबूल करावी."

बायका कुजबुजू लागल्या. ठमाबाई खाली बसली, पदर पसरला आणि म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. तोंडातून शब्द मात्र काढला नाही.

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दमलीस गो बाय?" तो म्हणाला. "किती दमलीस! तुला तुजं माणूस नाय का कोण?"

ठमाबाईला असा हुंदका फुटला की काय सांगावं. इतक्या दिवसांत तिला हे घरच्या कुणी विचारलंच नव्हतं.

"माफ केलं! देवानं माफ केलं!" मुरारी ओरडला. ढोल पुन्हा वाजू लागले. ठकूबाईनं तिला उठवलं आणि म्हणाली, "रडून घे गो. पाप धुवून जातं."

पालखी पुढे गेली तशी ठमाबाईनं डोळे पुसून हैबतीला विचारलं, "वन्संना कधी आणताव?"

"आता गो कशाला?" हैबती टोपी सारखी करत म्हणाला. "देवानं सोता तुज्या डोक्यावर हात ठेवला. आजून कोण पायजे तुला?" आणि तो पालखीमागे निघून गेला.

ओटीवर दोघंच उरली. ठमाबाई म्हाताऱ्याच्या जवळ सरकून बसली.

"मामंजी, मगाशी काय इचारलंत मला? परत इचारा ना एकदा."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे वळून बघितलं.

"कोण गो तू?" तो म्हणाला. "मला जेवाय दे."