फोनमध्ये मावणारा आवाज

मी खुंटीवरची गिटार बोलतेय. आवाज जरा घोगरा वाटला तर समजून घ्या. तारा बदलून बरेच दिवस झालेत, आणि बोलायची सवयही राहिलेली नाही.

माझं खानदान विचारू नका. जुन्या अस्सल लाकडाच्या गिटारी असतात, खानदान त्यांना असतं. मी प्लायची. थरावर थर चिकटवून, दाबून, वाकवून एका लांबलचक शेडमध्ये मला घडवलं. माझ्यासारख्याच कितीतरी बहिणी तिथे ओळीने वाळत होत्या. मग एकेकीला खोक्यात घातलं आणि आमची ताटातूट झाली.

दुकानात माझी जागा तळाच्या रांगेत, पंख्याच्या मागे होती. वर काचेत थोरामोठ्यांच्या लेकी. येणारा माणूस आधी वर बघायचा, किंमत ऐकून खाली यायचा, मला दोनदा टिचकी मारायचा आणि 'बघतो, सांगतो' म्हणून निघून जायचा. 'सांगतो' म्हणणारा परत येत नाही, हे मी तिथेच शिकले.

मग एक दिवस तो आला. जहाजावरचा स्वयंपाकी. सोबत बायको, तिच्या कडेवर मुलगी. मुलगी एका जागी ठरत नव्हती म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत.

"घरी बसून गाणी रेकॉर्ड करायचीत," तो दुकानदाराला म्हणाला. "मी वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. पोरीला झोपताना बापाचा आवाज तरी ऐकू यावा. स्वस्तातली दाखवा."

दुकानदाराने एक पोटाळी, म्हणजे मोठ्या पोटाची गिटार काढली. छेडल्याबरोबर दुकान दणाणलं. पण या गृहस्थाची तऱ्हाच वेगळी. त्याने फोन रेकॉर्डिंगला लावून काउंटरवर ठेवला, आमच्याकडे पाठ केली आणि म्हणाला, "आता एकेक वाजवा. कुठली ते सांगू नका."

"माझ्याशी बोलतानाही हे असेच तोंड फिरवून बसतात," बायको दुकानदाराला म्हणाली.

सगळ्या वाजवून झाल्यावर त्याने कानाला इयरफोन लावले. पोटाळीचा आवाज फोनमध्ये विहिरीतून आल्यासारखा घुमत होता. माझा बारीक होता, पण स्वच्छ.

"ही तिसरी कुठली?"

"ही? अहो, हिच्या आवाजात जीव नाही. मैफिलीत कुणाला ऐकूसुद्धा जाणार नाही."

"मैफल कुणाला करायचीय? मला फोनमध्ये मावणारा आवाज हवाय."

मग त्याने माझी नीट परीक्षा घेतली. मानेवरच्या पट्ट्यांच्या कडा बोटाला टोचतात का, तारा फार उंच तर नाहीत ना, एकेक सूर धरून पाहिला. जाड तारेवर एका ठिकाणी मी 'सर्र' केलं. झालं, आता परत पंख्यामागे, असं मला वाटलं.

"असू दे," तो म्हणाला. "कुणाचे दात पुढे असतात, कुणाचा सूर."

त्या क्षणी मी त्याची झाले.

घरी रेकॉर्डिंगची खोली म्हणजे कपड्यांचं कपाट. दोन्ही दारं उघडून तो स्टुलावर बसायचा आणि मला घेऊन आतल्या कपड्यांत तोंड खुपसायचा. आवाज घुमत नाही म्हणे. बायको घरी शिवणकाम करायची. "मशीन थांबव गं जरा!" तो आतून ओरडायचा, आणि ती पाय उचलून गप्प बसायची.

गाणं त्याने स्वतःच जुळवलं होतं. एक मासा घरचा रस्ता विचारत फिरतो, असं काहीतरी. पहिलंच कडवं सरलं आणि त्या ठिकाणी मी 'सर्र' केलं. त्याचा हात अडखळला. "थांब, थांब, चुकलं!" तो म्हणाला. बाहेर बायको फिसकन हसली. त्याने ती ओळ पुन्हा धरली आणि गाणं पुरं केलं. उद्या नीट करू, असं ठरलं. पण त्याच संध्याकाळी जहाजावरून बोलावणं आलं. फोन पोरीसाठी घरीच ठेवून तो गेला. उद्याचं गाणं राहून गेलं, आणि मी खुंटीवर गेले.

तेव्हापासून रोज दिवे मालवायच्या वेळी पलीकडच्या खोलीतून माझाच आवाज यायचा. मी इथे भिंतीला पाठ टेकून, आणि तिथे फोनमध्ये मीच वाजतेय. ज्या कामासाठी मला निवडलं ते एका दुपारीत उरकलं होतं. आता माझी कुणाला गरज नव्हती. धूळ बसायची, गळ्यात कुणी पिशवी अडकवायचं. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तो परत आला तेव्हा भिंगरी चुरूचुरू बोलायला लागली होती. पण बापाशी नाही. आईच्या मागे लपून बघायची. त्याला वाटलं, गाणं ऐकवलं की येईल जवळ. आधी त्याने मला दुरुस्त केलं. 'सर्र' करणारी ती एक पट्टी उंच होती, ती कानशीने घासली, नव्या तारा चढवल्या, माझे कान पिळून सूर लावला. इतकी सुरात मी जन्मात नव्हते. मग पोरीसमोर बसून त्याने सगळं गाणं एकही चूक न करता वाजवलं.

भिंगरीने कपाळाला आठ्या घातल्या. "असं नाही. माझे बाबा असं नाही वाजवत." आणि फोन मागायला आईकडे पळाली.

तो मला मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. मला तर ओरडून सांगावंसं वाटलं की पोरी, हाच गं तो! पण छेडल्याशिवाय मला कुठलं बोलता येतंय?

बायको दारात आली. "अहो, तिला चुकीसकट पाठ आहे ते. तुमची चूकच राहिली की!"

त्याने पुन्हा गाणं धरलं. त्या जागी आला, मुद्दाम थांबला. पण माझी 'सर्र' तर घासून गेलेली! मग त्याने तोंडानेच मोठ्याने 'सर्र' केलं आणि म्हणाला, "थांब, थांब, चुकलं!"

दाराआडून आधी एक डोळा आला, मग हसू, मग अख्खी भिंगरी. सरळ येऊन ती माझ्या पोटाला टेकली, आणि माझ्यामागे तो होता.

ते दिवस भुर्रकन गेले. तो जहाजावर, मी खुंटीवर. असं किती वेळा झालं, मी मोजायचं सोडून दिलं. मध्ये तो जुना फोन बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले. गाणं गेलं. पलीकडची खोलीही गप्प झाली. निदान माझा आवाज तरी मला सोबतीला होता, तोही गेला.

आता भिंगरी शाळेत जाते. यंदा तो ठरल्या वेळी आला नाही, जहाजावर त्याच्या जागी दुसरा माणूस मिळेना. परवा तिने स्टूल ओढलं, मला खाली काढलं, फडक्याने पुसलं, कपाट उघडलं आणि आईचा फोन रेकॉर्डिंगला लावला. "आई, मशीन थांबव गं जरा!"

एका बोटाने, एकाच तारेवर, चाचपडत तिने मासा घरच्या रस्त्याला लावला. त्या जागी थांबली. तोंडाने 'सर्र' केलं. "थांब, थांब, चुकलं!" आणि पुढची ओळ धरली.

ते त्याला पाठवलं. जहाज कुठल्या तरी लांबच्या पाण्यात होतं. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं. आधी भांड्यांचा आवाज, मग तो: "भिंगरे, चूक अगदी बरोबर जागी केलीस गं."

तिने ते आईला ऐकवलं. मग काय मनात आलं कोण जाणे, फोन आणून माझ्या पोटाच्या भोकाशी धरला आणि पुन्हा लावला. त्याचा आवाज माझ्यात शिरला आणि कुणी हात न लावता माझ्या तारा थरथरल्या.

आता मी परत खुंटीवर आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिचं रेकॉर्डिंग आहे म्हणून निश्चिंत राहू नका. जाता-येता एकदा तिच्या तारांवरून बोट फिरवा. सूर चुकला तरी चालेल. आम्ही वाट बघत असतो.