माझी दोन कुलपे

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा कोणीतरी असेलच. जरा मान वर करून बघा. टीव्हीच्या मागे किंवा चपलांच्या कपाटावर, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथे एक चपटी काळी पेटी बसलेली असते. दोन शिंगे आणि पुढे हिरव्या दिव्यांची रांग. तोच मी, घरातला राउटर. या घरात येऊन मला बरीच वर्षे झाली, तेव्हा मला जुना म्हणायला हरकत नाही. म्हातारा मात्र म्हणू नका. माझे दिवे अजून चांगले लुकलुकतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे सरकत्या पट्ट्यावरून आम्ही हजारो भावंडे एकामागून एक पुढे जात होतो. कोणी आमच्या पोटात सर्किटची हिरवी पाटी बसवली, कोणी शिंगे पिळून घट्ट केली. शेवटी एका बाईने मला उलटे करून माझ्या पोटाखाली एक चिठ्ठी चिकटवली. माझ्या सेटिंगमध्ये शिरायचा पत्ता, नाव आणि पासवर्ड तिच्यावर छापलेला होता. शेजारच्या भावंडाच्या चिठ्ठीवरही तोच पासवर्ड होता, त्याच्या शेजारच्याच्याही तोच. जुळ्यांना एकसारखे कपडे घालतात, तसे काहीतरी असेल असे मला वाटले. मी फार विचार केला नाही. तेव्हा मला जगाचा अनुभव तो किती!

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरून झाला. मला दोन कुलपे असतात. पहिले वाय-फायचे. ते उघडले की माणूस माझ्या अंगणात येतो आणि इंटरनेट वापरतो. दुसरे कुलूप माझ्या स्वतःच्या सेटिंगचे. ते उघडले की माणूस थेट माझ्या पोटात शिरतो. कोणाला आत घ्यायचे, कोणाला हाकलायचे, कोणाचे काम आधी करायचे, हे सगळे तिथून ठरवता येते. पहिले कुलूप सगळ्यांना माहीत असते. दुसरे असते, हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

ज्या घरी मी आलो, त्या घरातले वडील माणूस म्हणजे अण्णा. त्यांची सगळी नोकरी बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. कोणी काही विचारले की हसून सांगायचे, समजले नाही तर पुन्हा सांगायचे, हेच त्यांचे काम होते आणि ते त्यांच्या अंगात पुरते मुरले होते. मला बसवायला आलेल्या माणसाने त्यांना विचारले, "काका, वाय-फायचा पासवर्ड काय ठेवू?"

"सोपा ठेव बाबा," अण्णा म्हणाले. "कोणी विचारलं तर सांगायला बरा पडला पाहिजे."

झाले! एकापासून आठपर्यंतचे आकडे ओळीने ठेवले गेले. दुसऱ्या कुलपाचे नावही निघाले नाही. तिथे कारखान्यातला पासवर्ड तसाच राहिला.

अण्णांनी तो सोपा पासवर्ड मोकळ्या हाताने वाटला. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सांगितला, विमा एजंटाला सांगितला, जिन्यात दम खात उभ्या राहिलेल्या पार्सलवाल्याला तर खुर्ची देऊन सांगितला. खालच्या मजल्यावर शिकवणीला येणारी मुले आमच्या दाराबाहेर पायऱ्यांवर बसून गृहपाठाचे व्हिडिओ बघायची आणि अण्णा त्यांना आतून ओरडायचे, "दिसतंय ना नीट?" आव जाव घर तुम्हारा! खरे सांगतो, मित्रांनो, त्या दिवसांत माझी छाती अभिमानाने फुगलेली असायची. मजल्यामजल्यावर माझे कौतुक चाले. अशा दिलदार माणसाच्या घरी राहायला नशीब लागते.

पण माझा खरा जीव जडला होता तो सूनबाईवर. अण्णांची ही सून घरी बसूनच काम करते. दवाखान्यातले डॉक्टर रुग्णाला तपासले की त्याची माहिती बोलून ठेवतात आणि सूनबाई ती कानाला हेडफोन लावून ऐकते आणि टाइप करते. टेबलाखाली तिच्या पायाशी एक पेडल आहे. ते दाबले की आवाज पुढे सरकतो, सोडले की थांबतो. एक डॉक्टर खाता खाता बोलतात, एक इतके भरभर बोलतात की श्वास कधी घेतात ते देवच जाणे. सूनबाई मात्र एकाही औषधाचे नाव चुकवत नाही. शंका आली तर तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते, आणि तरीही नाही कळले तर सरळ विचारून घेते. अंदाजाने काही ठोकून देणे तिच्या स्वभावातच नाही. ते सगळे आवाज माझ्यातून येतात आणि तिने टाइप केलेले सगळे कागद माझ्यातूनच परत जातात. कोणाच्या छातीत काय निघाले, ही बातमी त्या माणसाच्या कानावर पडण्याआधी माझ्या अंगावरून गेलेली असते.

मग एके दिवशी सूनबाईला तिच्या कामावरच्या मॅडमचा फोन आला. बोलणे स्पीकरवर होते, म्हणून मलाही ऐकू आले.

"घरून काम करणाऱ्या प्रत्येकाचा राउटर आम्ही तपासतोय," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर तुमची सेटिंग दाखवा. वाय-फायचा पासवर्ड घरच्यांपुरताच हवा, आणि राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदललेला हवा. नाहीतर मला तुमच्याकडे फाइली पाठवता येणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, पण ही लोकांच्या आजारपणाची माहिती आहे."

"बरोबर आहे, मॅडम," सूनबाई म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. काम तर जाईलच, पण खरी पंचाईत वेगळी होती. पासवर्ड घरच्यांपुरता ठेवायचा म्हणजे अण्णांनी जोडलेली सगळी माणसे एका फटक्यात बाहेर काढायची. आणि हे अण्णांना सांगायचे कोणी?

आधी तिने माझे दुसरे कुलूप उघडून बघायचे ठरवले. मला कपाटावरून खाली काढले, धूळ पुसली (किती वर्षांनी कोणीतरी पुसली!) आणि उलटे करून पोटाखालची चिठ्ठी वाचली. मग तिथला पत्ता कॉम्प्युटरवर टाकला. माझे दार तिच्यासमोर आले. तिने चिठ्ठीवरचे नाव टाकले, पासवर्ड टाकला आणि मला तिला सांगावे लागले, 'पासवर्ड चुकीचा आहे.'

तिने एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. पुन्हा तेच. माझ्या जिवाची किती घालमेल झाली म्हणून सांगू! घरच्या लक्ष्मीला घराच्या दारातच अडवायचे काम माझ्या वाट्याला आले होते.

"अण्णा, आपल्या राउटरला कोणी हात लावला होता का?" तिने विचारले.

अण्णा आठवू लागले. "समोरच्या फोटोग्राफरने लावला होता. नेट फार हळू चाललंय म्हणाला, मी बघतो म्हणाला. मी म्हटलं, बघ बाबा, तुला त्यातलं कळतं."

समोरच्या घरातल्या फोटोग्राफरला बोलावले. तो आला आणि दारातच डोके खाजवू लागला.

"वहिनी, पासवर्ड मीच बदललाय," तो म्हणाला. "म्हटलं, जुना सगळ्यांनाच माहीत असतो. कोणी आत शिरून खोड्या करायला नकोत."

"चांगलं केलंत. मग आता नवा काय आहे?"

"तोच तर आठवत नाहीये."

"आणि आणखी काय काय बदललंय?"

फोटोग्राफर चपलांकडे बघू लागला. "म्हणजे... माझे फोटो फार जड असतात ना, वहिनी. म्हणून माझं मशीन पहिल्या नंबरावर ठेवलं होतं."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, त्यातलाच प्रकार! सूनबाईच्या फाइली अर्ध्यावर का अडकायच्या, याचा उलगडा तिला आता झाला. मला तो कधीचाच झाला होता, पण सांगणार कसा? माणूस तसा वाईट नव्हता. ओशाळला, कानाला हात लावून माफी मागितली आणि गेला. दुसरी कोणी असती तर तिने भांडून जिना डोक्यावर घेतला असता. सूनबाई फक्त एवढेच म्हणाली, "आता सगळं पुसून नव्यानेच मांडावं लागणार."

त्या संध्याकाळी ती अण्णांसमोर बसली. बोलायला तिला जड जात होते, हे मला कपाटावरून दिसत होते.

"अण्णा, उद्या सगळ्यांचं वाय-फाय बंद होईल. मग नवा पासवर्ड फक्त घरात राहील."

"असं कसं करून चालेल?" अण्णा कळवळून म्हणाले. "माणसं काय म्हणतील? दारात आलेल्याला आपण पाण्याला कधी नाही म्हटलंय का?"

"पाणी द्यायचंच आहे, अण्णा. पण पाणी देताना कपाटाची किल्ली कशाला द्यायची? डॉक्टर माझ्याकडे परक्या माणसांची दुखणी पाठवतात. ती माणसं मला ओळखतही नाहीत. त्यांची झाकली मूठ झाकलेलीच राहायला हवी."

अण्णा उठून दारात जाऊन उभे राहिले. रात्री सगळे जेवायला बसले. त्यांचा मुलगा बेकरीतल्या कामावरून दमून आला होता. माझ्यावर त्याला एकच उपाय माहीत आहे. तो म्हणाला, "बंद करून चालू करून बघितलं का?" नेहमी या वाक्यावर सगळे हसतात. त्या दिवशी कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने जे केले, त्याचे मला आजही कौतुक वाटते. माझ्या पाठीला एक बारीकसे भोक आहे. त्यात टाचणी घालून थोडा वेळ दाबून धरले की माझी सगळी सेटिंग पुसली जाते. उतावळा माणूस आधी टाचणी खुपसतो आणि मग इंटरनेट परत कसे आणायचे म्हणून रडत बसतो. सूनबाईने आधी इंटरनेट कंपनीला फोन लावला, जोडणीला लागणारे नाव आणि पासवर्ड विचारून घेतला, पुन्हा वाचून दाखवला आणि मगच टाचणी हातात घेतली. मागचे पुसण्याआधी पुढचे हातात पाहिजे, हे शहाणपण शिकवून येत नाही.

तिने टाचणी दाबली. माझे सगळे दिवे एकदम विझले. मित्रांनो, मी घाबरलो होतो. आपण आता या घराला विसरणार, असे वाटले. मग एक दिवा लागला, दुसरा लागला. पाहतो तो माझ्या सेटिंगची पाटी कोरी झाली होती, पण सूनबाईचा हात मला चांगला ओळखता येत होता.

हवेतून कोणी मध्ये शिरू नये म्हणून तिने मला वायरने कॉम्प्युटरला जोडले. चिठ्ठीवरचा पासवर्ड आता चालला. आत शिरल्याबरोबर तिने आधी दुसरे कुलूप बदलले. मग वाय-फायचा नवा पासवर्ड ठेवला. तो लांबलचक होता, आणि त्यातल्या शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. काय होता? बसा वाट बघत! इंटरनेटवरून, दूर बसून माझ्यात शिरायची वाट बंद केली, माझे राहून गेलेले नवे अपडेटही चढवले. आणि सगळ्यात शेवटी तिने पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय सुरू केले. ते वापरणाऱ्याला इंटरनेट मिळते, पण माझ्या पोटात किंवा घरातल्या कॉम्प्युटरमध्ये डोकावता येत नाही. इतकी वर्षे ही सोय माझ्यातच होती, पण कोणी विचारले तर ना!

शुक्रवारी दुपारी मॅडम कॉलवर आल्या. सूनबाईने एकेक पान उघडून दाखवले.

"आता कारखान्यातला जुना पासवर्ड टाकून बघा," मॅडम म्हणाल्या.

तिने तो टाकला आणि मी 'चुकीचा आहे' असे ठणकावून सांगितले. तेच शब्द, पण या वेळी ते म्हणताना मला केवढा आनंद झाला!

"छान! दुपारच्या फाइली पाठवते," मॅडम म्हणाल्या. सूनबाईने खुर्चीला पाठ टेकली आणि मोठा श्वास सोडला. थोड्याच वेळात खाता खाता बोलणारे डॉक्टर माझ्यातून घास चावत जाऊ लागले.

काम वाचले होते, पण अण्णा अजून तिच्याशी धड बोलले नव्हते. संध्याकाळी तीच उठून त्यांच्याजवळ गेली. "अण्णा, दोन्ही पासवर्ड तुम्हाला सांगून ठेवते. घरातल्या मोठ्या माणसाला माहीत हवेत."

अण्णांनी हात वर केला. "नको, बाळा. मला नको सांगूस."

"रागावलात का?"

"रागावलो होतो. दोन दिवस विचार केला. अगं, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. समोरच्याने विचारलं की मी सांगणार, माझा इलाज नाही. ती आजारी माणसं तुझ्या भरवशावर आहेत. त्यांचं गुपित माझ्या तोंडी कशाला देतेस? मला तो पाहुण्यांचा तेवढा सांग. तो मी पोटभर वाटीन."

सूनबाईचे डोळे भरून आले. ती वाकून त्यांच्या पाया पडायला गेली, तर अण्णा म्हणाले, "आधी पासवर्ड सांग, पायऱ्यांवर पोरं खोळंबलीत."

मित्रांनो, माझे दुसरे कुलूप सूनबाईने लावले, पण त्याची राखण अण्णांच्या त्या एका 'नको'ने केली. म्हणून हात जोडून सांगतो, आज घरच्या मोठ्या माणसाला घेऊन तुमच्या राउटरजवळ जा. राउटर उलटा करा, त्याच्या पोटाखालची चिठ्ठी वाचा आणि त्याच्या आतल्या कुलपाचा पासवर्ड कोणी कधी बदलला आहे का, ते विचारा. नसेल तर आजच बदलायला लावा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या तोंडात तीळ भिजत नसेल, तर त्याने लाजू नये. घरातले कोणी पासवर्ड टाइप करू लागले की त्याने सरळ खिडकीबाहेर बघावे. आमचे अण्णा तसेच बघतात.