मिन राज्याचा वाडगा आणि मधलं कपाट

"ह्याची धूळ पुसायची ती मीच," दुकानात कामाला असलेली रहिमा माझ्या काठावरून फडकं फिरवत पुटपुटली. "दोघा भावांनी दुकान वाटून घेतलं, गिऱ्हाइकं वाटून घेतली. हा वाडगा मात्र दोघांचा! म्हणजे कुणाचाच नाही."

मित्रांनो, कुणाचाच नसलेला तो जुना वाडगा म्हणजे मी. माझं वय हजाराच्या वर, पण इथे ते कुणालाच ठाऊक नाही. चीनच्या किनाऱ्यावर मिन नावाचं चिमुकलं राज्य होतं. तिथल्या भट्टीत मी भाजलो, हिरवट झिलई ल्यालो. पहिला राजा जपून राहणारा. त्यानं बंदर राखलं, परदेशी जहाजांना बोलावलं. त्याच्यामागे मुलं गादीसाठी एकमेकांच्या जिवावर उठली. शेवटी दोघा भावांनी राज्याचे दोन तुकडे केले आणि शेजाऱ्यांनी ते गिळले. अवघी छत्तीस वर्षं! मी तेव्हा गवतात गुंडाळलेला, ओमानच्या सोहार बंदराच्या वाटेवर जहाजात होतो. मुलूख बुडाल्याचं मला कुणी कळवलंही नाही.

पुढे पुष्कळ घरं पाहिली. रत्नागिरीकडच्या बाबामियाँ आणि यूनुस या भावांनी ओमानमधल्याच रुस्ताकच्या बाजारात कापडाचं दुकान काढलं, तेव्हा ज्याच्या नावावर दुकानाचा परवाना होता त्या अरब अर्बाबनं मला त्यांना भेट म्हणून दिलं. रोज दोघं मिळून कहवा पीत आणि पेले माझ्यात विसळत. मग २०१२ साली नवी पाटी करायची ठरली. तिच्यावर कुणाचं नाव आधी, यावरून बिनसलं ते बिनसलंच. दुकानाच्या मधोमध कपाट उभं राहिलं आणि कपाटावर मी. चार वर्षं कोरडा.

इथून मला दोन्हीकडचं दिसतं. बाबामियाँ रोज दोन पेले काढतो, एक परत ठेवतो. पलीकडे यूनुसही तेच करतो. हे मी कुणाला सांगू?

आज यूनुस व्हिसा रद्द करून कायमचा गावी निघाला.

"भाई, वाडगा तुम्ही ठेवा."

"मला काय करायचाय? तूच ने."

"वाटेत फुटेल."

"मग फुटू दे!"

रहिमानं मला खाली उतरवलं, पाण्यानं भरलं आणि दोघांच्या मधे ठेवलं. "यल्ला, आटपा, टॅक्सी दारात उभी आहे. वाडग्याचं पुरे, आता दुसरं काही बोला."

मित्रांनो, उंचावर ठेवलं म्हणजे जपलं असं नसतं. भांडं हाताळत राहावं. माणसांचंही तसंच.

बाबामियाँनं दोन पेले माझ्यात बुडवले. चार वर्षांनी माझं पाणी हललं. एक पेला त्यानं यूनुसपुढे ठेवला.

"यूनुस," तो म्हणाला, "नको जाऊस. मला इथं एकट्याला भीती वाटते रे."