पुलपिटावरचं झाकण

आमच्या चर्चमध्ये पुलपिटाच्या, म्हणजे प्रवचनाच्या उंच कठड्याच्या वर एक अष्टकोनी लाकडी छत टांगलेलं आहे. डोक्यावर चर्चचं छप्पर शाबूत असताना हे आणखी कशाला, ते मंडळीतल्या कुणालाच सांगता येत नव्हतं. सगळे त्याला झाकण म्हणायचे. यंदा नवे स्पीकर नेमके तिथेच बसवायचं ठरलं आणि झाकणाचे दिवस भरले. शनिवारी सुतार, म्हणजे माझेच बाबा, करवत घेऊन हजर.

इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी महिनाभर ही इमारत टेप लावून पिंजून काढली होती. झाकण जाणार हे मला पटेना. गेल्या वर्षीची मी असते तर ऑर्गन वाजवणाऱ्या आत्याच्या मागे लपले असते. यंदा सरळ सेक्रेटरीकाकांकडे पाच मिनिटं मागितली. पाल्हाळ नको, या अटीवर मिळाली.

मी चर्चच्या पंचांना सांगितलं की हे चर्च बांधणाऱ्यांनी भिंतीवर साधं फूल रंगवू दिलं नाही. पुतळा नाही, चित्र नाही, खिडक्यांना बिनरंगाच्या काचा. पुलपिट मात्र मधोमध आणि उंच, कारण त्यांच्या लेखी इथे बघायला नाही, ऐकायला यायचं. अशी माणसं नुसत्या शोभेसाठी एवढं सागवान टांगतील का? बोलणाऱ्याचा आवाज वर विरून न जाता पुढे यावा, म्हणून ते आहे.

पंचांनी आणि त्यांच्यात बसलेल्या, दर रविवारी प्रवचन करणाऱ्या पाळकसाहेबांनी माना डोलावल्या. सेक्रेटरीकाका शेवटच्या बाकावर जाऊन टेकले आणि म्हणाले, पुस्तकातलं पुस्तकात ठीक, आता काम उरकू दे.

झालं. मी तोंड पाडून बाबांना शिडी धरायला पुलपिटात चढले. डोळे भरून आले होते आणि रागही आला होता.

"बाबा, सावकाश कापा," मी हळूच म्हटलं. "काकांना काय फरक पडतो? प्रवचनाच्या पाचव्या मिनिटाला तर घोरायला लागतात."

"दहाव्या," शेवटच्या बाकावरून काका म्हणाले.

ऑर्गनपाशी आत्या फिस्सकन हसली. मग सगळ्यांच्या माना एकदमच वर, झाकणाकडे गेल्या. मधे बावीस बाक होते. मी ते स्वतः मोजले होते.

काका उठले नाहीत. नुसता हात वर केला. "पुन्हा बोल. माझ्याबद्दल नको."

मग मी त्याच आवाजात पाळकसाहेबांची प्रवचनं किती लांबतात ते सांगितलं. तेही शेवटपर्यंत पोचलं. पाळकसाहेबांपर्यंत तर फारच स्पष्ट.

बाबांनी करवत पिशवीत घातली आणि झाकणाचे ढिले स्क्रू आवळायला घेतले.